शैक्षणिक पालकत्व : दान, धर्म आणि मुलाचा मान

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात, वडोदरा येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या समारंभात मुख्याध्यापिकेने शाळेचा इतिहास सांगावा, अशी रीत आहे. परंतु तो इतिहास माझ्यापेक्षा अधिक जाणणारी मंडळी आज समोरच्या रांगेत बसली आहेत आणि स्मरणिकेत त्यांचे लेखही येणार आहेत. म्हणून मी आज एकाच विषयावर बोलण्याची आपली अनुज्ञा घेते.

आपल्या माजी विद्यार्थी संघाने साठाव्या वर्षानिमित्त साठ गरजू मुलांच्या शिक्षणाचा भार उचलण्याचा संकल्प केला आहे. संकल्प सोडणे सोपे गेले. पण ही मदत कोणत्या संस्थेच्या हातून द्यावी, या प्रश्नावर मंडळींची मते विभागली. कोणी आपल्या श्रद्धास्थानाच्या न्यासाचे नाव सुचवले, कोणी एका आश्रमाचे, तर कोणी मिशनच्या वसतिगृहाचे. प्रत्येकाच्या मागे अनुभव होता आणि सद्भावही होता. शेवटी माझ्याकडे निरोप आला, ‘बाई, तुम्हीच सांगा.’ माझे उत्तर आधीच सांगून टाकते. संस्था अशी निवडावी की जिच्या मदतीचा कोणत्याही धर्माच्या प्रचाराशी किंवा आचाराशी संबंध नाही. असे मी का म्हणते, आणि अशी संस्था पारखावी कशी, हे आता क्रमाने मांडते.

एक अडचण भाषेतच आहे. आपण ‘दानधर्म’ असा जोडशब्द वापरतो. प्रवाशाला आसरा देणारी ती धर्मशाळा, फुकट औषध देणारा तो धर्मार्थ दवाखाना, आणि सार्वजनिक न्यासांची नोंद ठेवणारा सरकारी अधिकारी तो धर्मादाय आयुक्त. आपल्या पूर्वजांनी परोपकाराला ‘धर्म’ म्हटले, तेव्हा त्यांच्या मनात कर्तव्य हा अर्थ होता. हा अर्थ मला मोलाचा वाटतो. भुकेल्याला अन्न देणे हा धर्म आहे, असे म्हणताना घास घेणाऱ्याने कोणते नाव जपावे, हे त्यात कोठेही आलेले नाही. मी जेव्हा धार्मिक नसलेली संस्था असे म्हणते, तेव्हा ती धर्मविरोधी असावी, असे मला म्हणायचे नाही. देणाऱ्याची श्रद्धा देणाऱ्यापाशी राहावी आणि घेणाऱ्याची घेणाऱ्यापाशी, इतकेच माझे म्हणणे आहे.

गरीब मुलाचे शिक्षण इतरांनी उचलणे ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात परगावी शिकणारा गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात दिवसांचे सात उंबरठे. कोणी माधुकरी मागे. या वारांवर शिकून मोठी झालेली माणसे पुष्कळ होती आणि त्या घरांचे ऋण त्यांनी आदराने मानले. तरीही त्या पद्धतीत दोन उणिवा होत्या, आणि त्या आपण आज लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की वार साधारणतः जातीच्या कुंपणातच मिळे. कुंपणाबाहेरच्या मुलासाठी त्या घरात पानच मांडले जात नसे. दुसरी अशी की आजचे ताट कोणाचे आहे, याचे भान त्या मुलाला प्रत्येक घासाबरोबर ठेवावे लागे. तूप वाढताना यजमानीणबाईंचा हात आखडला, तर ते त्याला दिसे. आणि दिसले, तरी न दिसल्यासारखे करावे लागे.

या दोन उणिवा दूर करण्याचे प्रयत्नही आपल्याच समाजात झाले. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह उभे राहिले. आज आपण त्याला पुणे विद्यार्थी गृह म्हणून ओळखतो. निराधार मुलाला दारोदार न हिंडता एका छपराखाली राहून शिकता यावे, ही त्यामागची दृष्टी. पुढे साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीला बसवणारे वसतिगृह काढले. मुले कष्ट करीत आणि शिकत. आपल्या अन्नाला आपलाही घाम लागला आहे, हे त्यांना ठाऊक असे.

आणि आपण ज्या नगरीत बसलो आहोत, तिला तर या विषयात फार मोठा वारसा आहे. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व बडोदे संस्थानाला लागू केला. याच राजाने १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्या शिष्यवृत्तीला अट होती. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. ही अट नीट पाहण्यासारखी आहे. ती कामाची अट होती. तिने त्या तरुणाच्या देवाला, आचाराला, मनाला हात लावला नाही. पुढे १९१७ साली ते नोकरीसाठी बडोद्यात आले, तेव्हा या शहराने त्यांना राहायला खोली दिली नाही. नाव बदलून पारशी विश्रामगृहात उतरावे लागले आणि ओळख उघड होताच तेथूनही निघावे लागले. एका हाताने मोकळेपणी दिलेले दान आणि दुसऱ्या हाताने लावलेले दार, ही दोन्ही दृश्ये आपल्याच गावची आहेत. आपला संकल्प यांपैकी कोणत्या दृश्याशी नाते सांगणार, हा प्रश्न आहे.

आता मी दोन मुलांविषयी सांगते. नावे सांगत नाही. दोन्ही ठिकाणी चूक माझीही होती, म्हणून सांगते.

पहिला मुलगा सातवीत होता. वडील कारखान्यातल्या अपघातात गेले होते. आई चार घरची धुणीभांडी करी. एका धार्मिक न्यासाने त्याची फी, वह्या-पुस्तके आणि गणवेश यांचा खर्च उचलला. न्यास कोणत्या धर्माचा, हे मी सांगत नाही. तो कोणत्याही धर्माचा असू शकला असता. आठवड्यातून एकदा मुलाने त्यांच्या प्रार्थनेला यावे, अशी अपेक्षा होती. लेखी काहीच नव्हते. एक-दोनदा तो गेला नाही, तेव्हा पुढचा हप्ता लांबला, एवढेच. त्याची आई माझ्याकडे आली आणि दाराशीच उभी राहून म्हणाली, ‘बाई, त्याने जायलाच पाहिजे का? आमच्या घरात वेगळं आहे.’ मी तिला म्हटले, ‘जाऊ द्या हो, तासाभराचा तर प्रश्न आहे. फी भरली जातेय ना?’ काही महिन्यांनी मी त्या मुलाला सहज विचारले, कसे चालले आहे. तो म्हणाला, ‘बरं चाललंय, बाई. तिथे गेलो की त्यांचं म्हणतो, घरी आलो की आमचं म्हणतो. खरं कुठलं म्हणतो, ते कोणीच विचारत नाही.’

बारा वर्षांचे ते पोर. आम्ही त्याला वर्गात सत्य बोलण्याचे धडे देत होतो आणि वर्गाबाहेर, शब्द उच्चारले की फी मिळते, हे शिकू देत होतो. त्या न्यासाच्या श्रद्धेलाही यातून काय मिळाले? ज्या प्रार्थनेची किंमत वह्यांच्या गठ्ठ्यात ठरते, ती प्रार्थना कोणत्या देवाला पोचेल? हा प्रश्न मी श्रद्धावान माणसांनाच नम्रपणे विचारते.

दुसरी मुलगी नववीतली, हुशार. तिच्यासाठी एका दानशूर गृहस्थांनी धनादेश दिला होता. त्यांच्या मनात धर्माचा काहीच हेतू नव्हता. वार्षिक स्नेहसंमेलनात मी त्या मुलीला रंगमंचावर बोलावले, तिच्या घरची परिस्थिती ध्वनिक्षेपकावरून सांगितली, तिला देणगीदारांच्या पाया पडायला लावले आणि छायाचित्र काढवले. टाळ्या झाल्या. मला तो कार्यक्रम यशस्वी वाटला. आज ती मुलगी एका रुग्णालयात परिचारिका आहे. मध्यंतरी भेटली, तेव्हा माझी चौकशी केली, शाळेची केली, आणि मग हसतहसतच म्हणाली, ‘बाई, त्या दिवसानंतर दहावी होईपर्यंत मला वर्गात मदतवाली म्हणायचे.’ तिने ते रागाने म्हटले असते, तर मला सोपे गेले असते.

या दोन प्रसंगांनी मला एक गोष्ट शिकवली. संस्था पारखताना पहिला प्रश्न पैशाचा नसतो. ‘तुम्ही मुलाकडून परत काय घेता?’ हा पहिला प्रश्न. कोठे श्रद्धा घेतली जाते, कोठे कृतज्ञता, कोठे छायाचित्र. नियमित शाळेत यावे, अभ्यास करावा, या अटी मी मानते. त्या मुलाच्या भल्याच्या आहेत. बाकीच्या अटी देणाऱ्याच्या भल्याच्या असतात.

आपल्या राज्यघटनेनेही हा विचार केलेला आहे. मान्यताप्राप्त किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेतील कोणत्याही विद्यार्थ्याला, त्याची संमती नसल्यास, आणि तो अज्ञान असेल तर पालकाची संमती नसल्यास, धार्मिक शिक्षण किंवा उपासना यांत भाग घ्यायला लावता येत नाही, असे अठ्ठाविसावे कलम सांगते. माझा प्रश्न संमतीचाच आहे. जिच्या घरात पुढच्या महिन्याची फी नाही, त्या आईच्या संमतीला संमती म्हणायचे काय? घटनेचा शब्द शाळेच्या दारापाशी थांबतो. त्यापुढचे आपल्या विवेकाने ठरवायचे आहे.

येथे दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. सर्व धर्मांच्या संस्थांनी या देशात शाळा, वसतिगृहे, दवाखाने चालवले आहेत आणि अनेक ठिकाणी अन्य कोणी पोचत नव्हते, तेव्हा त्या पोचल्या. मदतीचा परिणाम होतो, हेही खरे. एका आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती संस्थेच्या बालप्रायोजकत्वाचा भारतासह सहा देशांत अभ्यास झाला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. मदत मिळालेल्या मुलांचे शालेय शिक्षण सरासरी एक ते दीड वर्षाने वाढल्याचे त्यात दिसले. एक वर्ष हा लहान लाभ नव्हे. आठवीत शाळा सोडणारे मूल नववी पाहते. पण याच संस्थेला २०१७ साली भारतातील काम थांबवावे लागले. परदेशी निधीवर सरकारने आणलेले निर्बंध हे त्याचे कारण होते आणि धर्मांतराचा आरोप व त्याचा इन्कार असा तो वाद होता. त्या वादात कोणाचे बरोबर, हे ठरवण्याचे हे स्थळ नाही. मला दिसतात ती सुमारे १ लाख ४५ हजार मुले, जी त्या संस्थेच्या भारतातील यादीवर होती. मोठ्यांच्या वादात त्यांचा आधार तुटला. मुलाची पाटी श्रद्धेच्या वादावर टेकवून ठेवू नये, असे मी म्हणते, त्याचे हेही एक कारण आहे.

आता पारख कशी करावी, ते सांगते. आपल्यापैकी पुष्कळजण हिशेब तपासण्यात माझ्याहून निष्णात आहेत. पण मुलाच्या बाजूने कोणते प्रश्न विचारायचे, ते शिक्षकाला थोडे अधिक ठाऊक असते.

संस्थेच्या ध्येयपत्रकावर ‘सर्वधर्मसमभाव’ लिहिलेले असते. तेवढ्यावर थांबू नये. शक्य असेल तर स्वतः जावे आणि साध्या गोष्टी पाहाव्यात. सकाळच्या प्रार्थनेत काय म्हटले जाते आणि एखादे मूल गप्प उभे राहिले तर चालते का? ताटात काय वाढले जाते आणि ते कोणी ठरवले? मुलाचे नाव, पेहराव, कपाळावरचे किंवा गळ्यातले चिन्ह बदलले आहे का? सणाला मूल आपल्या घरी जाऊ शकते का? निरनिराळ्या धर्मांची मुले तेथे आहेत का, आणि असतील तर कोणाचे सण साजरे होतात? पालकाची सही ज्या कागदावर घेतली, तो त्या आईला वाचता येणाऱ्या भाषेत आहे का? कार्यालयात बसून मिळणाऱ्या माहितीपेक्षा या प्रश्नांची उत्तरे स्वयंपाकघरात आणि अंगणात लवकर मिळतात.

त्यानंतर मुलाच्या घराविषयी विचारावे. बाल न्याय कायदा, २०१५ याचे एक मूलतत्त्व असे आहे की मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. ज्या मुलाला आई आहे, आजी आहे, मामा आहे, त्याला केवळ गरिबीमुळे घरापासून तोडणे हे शिक्षण नव्हे. घराला हात देऊन मुलाला घरीच शिकवणारी संस्था मी आधी निवडीन. जेथे खरोखरच निवासाची गरज आहे, तेथे ती बालगृह म्हणून या कायद्याच्या ४१व्या कलमाखाली नोंदलेली आहे का, हे विचारावे. नोंदणी नसेल, तर भिंतीवरचे रंग कितीही सुंदर असोत, आपण परत फिरावे.

मग पैसा. न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे का, लेखापरीक्षित ताळेबंद मागितल्यावर मिळतो का, पावतीवर नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहावे. प्राप्तिकराच्या सवलतीसाठी दोन हजार रुपयांवरील रोख देणगी धरली जात नाही. आणि नव्या करप्रणालीत ही सवलतच नाही, हेही ध्यानात असावे. सवलतीसाठीच देणाऱ्याचा उत्साह दुसऱ्या वर्षी ओसरतो. जे माजी विद्यार्थी आता परदेशाचे नागरिक झाले आहेत, त्यांचा पैसा ‘विदेशी योगदान’ ठरतो. तो त्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच, दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरावीक खात्यातून घेता येतो, आणि ती संस्था तो दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. परदेशी राहणाऱ्या, पण भारतीय नागरिक असलेल्या मंडळींनी स्वतःच्या बचतीतून दिलेल्या पैशाला हे बंधन नाही. आणखी एक सूचना. प्रशासनावर खर्चच करत नाही, असे सांगणाऱ्या संस्थेवर फार भाळू नये. मुलाच्या घरी जाऊन त्याची गैरहजेरी विचारणारी कार्यकर्ती पगारावरच काम करते, आणि ती नसेल, तर मदत यादीपुरतीच राहते.

यानंतरचा प्रश्न अवघड आहे. माझा रुपया याच मुलाला जातो का? एका मुलाचे नाव आणि छायाचित्र एका दात्याशी जोडण्याची आजची पद्धत स्पेनच्या यादवी युद्धात, १९३७ साली, निर्वासित मुलांसाठी रूढ झाली. ती माणसाच्या हृदयाला भिडते, म्हणून टिकली. पण १९९८ साली ‘शिकागो ट्रिब्यून’ या वृत्तपत्राने शोध घेतला, तेव्हा काही नामांकित संस्थांच्या यादीतील मुले मरण पावली होती आणि तरीही त्यांच्या नावावर दात्यांचे पैसे येत होते, असे उघड झाले. अनेक संस्था आता प्रामाणिकपणे सांगतात की पैसा त्या मुलाच्या वस्तीसाठी, शाळेसाठी एकत्र वापरला जातो. असे स्पष्ट उत्तर देणारी संस्था मला अधिक विश्वासार्ह वाटते. ‘माझे मूल’ म्हणण्याचे सुख थोडे कमी होते. पण वस्तीतल्या दहा घरांपैकी एकाच घरी नवे दप्तर येण्यातला विषाद त्यामुळे टळतो.

आणि शिक्षक म्हणून माझा शेवटचा प्रश्न : मूल शिकते का? फी भरली, गणवेश आला, पण तिसरीतल्या मुलाला पहिलीचे पुस्तक वाचता येत नसेल, तर आपण काय दिले? येथे पुन्हा आपल्याच गावचे उदाहरण आहे. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने ‘बालसखी’ नावाचा उपक्रम वडोदऱ्याच्या महानगरपालिका शाळांत चालवला. मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून वाचन आणि अंकगणित शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाचे वडोदऱ्यात आणि मुंबईत मोजमाप केले आणि मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. या दोघांना २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मला त्यातले पारितोषिकाहून मोठे वाटते ते हे, की कोणी तरी मोजून पाहिले.

‘प्रथम’चे नाव घेतले, तशी आणखी दोन नावे घेते, शिफारस म्हणून नव्हे, तर धार्मिक नसलेल्या संस्थाही किती निरनिराळ्या वाटांनी जातात, हे दाखवण्यासाठी. रिप्पन कपूर या विमानसेवेतील तरुणाने १९७९ साली सहा मित्रांसह, घरच्या जेवणाच्या टेबलाभोवती पन्नास रुपये जमवून ‘क्राय’ सुरू केली. ती मुलांच्या हक्कांसाठी स्थानिक संस्थांना बळ देते. एस.ओ.एस. बालग्राम हे निराधार मुलांना एका ‘आई’बरोबर घरासारखे वाढवतात, भारतातील पहिले बालग्राम १९६४ साली फरिदाबादजवळ सुरू झाले. एक शिकवते, एक हक्क मिळवून देते, एक घर देते. आपल्याला यांतले काय द्यायचे आहे, हे आधी ठरवावे. आणि नाव मोठे आहे, म्हणून मघाचे प्रश्न गाळू नयेत.

एक गोष्ट मात्र कोणत्याही देणगीच्या आधी व्हावी. मुलाच्या हक्काचे जे आहे, ते त्याला मिळाले आहे का? आईवडील गमावलेल्या आणि नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलासाठी गुजरात सरकारची ‘पालक माता-पिता योजना’ आहे. दरमहा तीन हजार रुपये मिळतात. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’मध्ये घरीच राहणाऱ्या गरजू मुलासाठी दरमहा चार हजारांच्या प्रायोजकत्वाची तरतूद आहे. आपल्या शाळेत आता खानदेशातून आलेल्या कष्टकरी कुटुंबांची मुले पुष्कळ आहेत. मृत्यूचा दाखला गावी, शिधापत्रिका गावी, आधार कार्डावरचे नाव वेगळेच. अशा कागदांच्या गुंत्यात त्यांचे हक्क अडकतात. निवृत्त झालेल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याने आठवड्यातील दोन सकाळी देऊन हे अर्ज भरून दिले, तर ते धनादेशाइतकेच मोठे पालकत्व होईल. आणि त्या मुलाला कोणाच्या पाया पडावे लागणार नाही, कारण हक्काला पाया पडायचे नसते.

म्हणून शाळेच्या वतीने मी चार गोष्टी आपल्यापुढे ठेवते. या उपक्रमाला आपण ‘दत्तक योजना’ म्हणू नये. दत्तक हा कायद्यातला आणि कुटुंबातला गंभीर शब्द आहे. ‘शैक्षणिक पालकत्व’ म्हणावे. साठ मुलांची निवड गरजेवर व्हावी. जात, धर्म, प्रांत यांचा रकाना अर्जात नसावा. मदत दहावीपर्यंत किंवा बारावीपर्यंत पुरेल, एवढीच मुले घ्यावीत. साठचा आकडा शोभून दिसतो म्हणून साठ घेऊन तिसऱ्या वर्षी अर्ध्यांना सोडण्यापेक्षा वीस घ्यावीत आणि वीसजणांना शेवटपर्यंत न्यावे. आणि कोणते मूल मदत घेते, हे त्याचा वर्गशिक्षक आणि त्याचे घर यांपलीकडे कोणालाही कळू नये.

देणगीदारांना वर्षाअखेरीस एक पत्र जाईल. त्यात किती मुले पुढच्या वर्गात गेली, किती गळाली आणि का गळाली, हे प्रांजळपणे लिहिलेले असेल. मुलांकडून आभाराची पत्रे लिहवून घेतली जाणार नाहीत. एखाद्याला आपणहून लिहावेसे वाटले, तर टपाल आम्ही पोचवू.

आपल्या स्मरणिकेत अनेक छायाचित्रे येणार आहेत : जुनी इमारत, पहिली तुकडी, निवृत्त शिक्षक, स्नेहसंमेलने. मी ती निवडत असताना मला त्या नववीतल्या मुलीचे, धनादेश घेतानाचे छायाचित्र सापडले. ते मी काढून ठेवले आहे. ती पुढच्या महिन्यात शाळेत येणार आहे, तेव्हा ते तिच्या हाती देईन. त्याचे काय करायचे, ते तीच ठरवील.